कोलेस्टेरॉलचे इंजेक्शन : हिशेब आणि विवेक

या सदरात सहसा नामनिर्देशन, मृत्युपत्र, जामीनकी, आरोग्यविम्याच्या अटी असे विषय येतात. औषधांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा दावा मी कधी केलेलाही नाही. मात्र गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी एकाच प्रकारच्या औषधाचे बिल माझ्यासमोर ठेवले आणि ‘एवढा खर्च करावा काय?’ असे विचारले. डॉक्टरांच्या निदानाविषयी त्यांना शंका नव्हती. एवढे पैसे मोजून पदरात नेमके काय पडते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. प्रश्न हिशेबाचा असल्याने तो टाळणे मला प्रशस्त वाटले नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो, प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचले आणि जे निश्चितपणे समजले तेवढेच येथे मांडत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. हे वजन उतरविण्याचे इंजेक्शन नव्हे, मधुमेहाचे इन्सुलिनही नव्हे. ‘रक्तवाहिन्या धुऊन काढतो’ असे सांगून जी सलाईने टोचली जातात, त्यांच्याशीही याचा संबंध नाही. रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते खाली आणणारे हे औषध पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या त्वचेखाली टोचले जाते. इव्होलोक्युमॅब आणि ॲलिरोक्युमॅब ही साधारणपणे पंधरवड्यातून एकदा किंवा महिन्यातून एकदा घ्यावयाची औषधे; अमेरिकेत दोहोंना २०१५ साली परवानगी मिळाली. इन्क्लिसिरान हे त्यानंतरचे. त्याचा दुसरा डोस पहिल्यानंतर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक.

आपल्या घरांतून हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अंडे-मांस पाहिलेही नाही, त्यांच्या रक्तात हे आले कोठून? उत्तर साधे आहे. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतःच तयार करते. शिवाय शाकाहार म्हणजे अल्पस्निग्ध आहार असे समीकरण कोठेही लिहिलेले नाही. तूप, साय, लोणी, चीज यांतील स्निग्धांश आणि पाम तेलात तळलेले फरसाण यकृताच्या कामात भरच घालतात. दुकानात सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गादीवर बसणाऱ्या माणसाची हालचाल किती होते, हे मी सांगावयास नको. तथापि काही घराण्यांत आहार कितीही काटेकोर ठेवला, तरी आकडा खाली येत नाही. दोष ताटात नसून जन्मतः मिळालेल्या जनुकात असतो. अशा वंशपरंपरागत विकाराचे प्रमाण जगात सुमारे अडीचशे माणसांत एक इतके मानले जाते आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकास तो असेल, तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

औषधाचे कार्य समजण्यास आमच्या बँकेतील वसुली विभागाचे उदाहरण मला सोयीचे वाटते. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. ते वसुली कारकुनासारखे रक्तातील एलडीएल गोळा करून आत आणतात, ते आत जमा करतात आणि पुन्हा फेरीवर निघतात. असा एक कारकून शंभराहून अधिक फेऱ्या करू शकतो. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे असे आढळले की, पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन या कारकुनास चिकटते आणि मग तो फेरीवर परतत नाही. आतच त्याचा निकाल लागतो. हे प्रथिन वाढले की बाजारातील थकबाकी, म्हणजे रक्तातील एलडीएल, वाढणारच. २००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत, जेथे अतिउच्च कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. त्यानंतर अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी नाण्याची दुसरी बाजू शोधली. काही माणसांत हे जनुक जन्मापासूनच निकामी होते. त्यांच्यापैकी कृष्णवर्णीय गटात एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी आढळले; परंतु हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होते. २००६ साली हे प्रसिद्ध झाले.

या दोन आकड्यांतील अंतर मला फार बोलके वाटले. एलडीएल पावपट कमी आणि रोग जवळजवळ नाहीसा, हे कसे? कारण ती माणसे जन्मापासून कमी एलडीएलवर जगली होती. चक्रवाढ व्याज ज्याला कळते, त्याला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. धमनीतील थर हा एका वर्षाच्या आकड्यावर ठरत नाही. किती आणि किती वर्षे, या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो.

इव्होलोक्युमॅब व ॲलिरोक्युमॅब हे प्रतिपिंड त्या पीसीएसके-९ ला रक्तातच अडवितात. इन्क्लिसिरान यकृतात शिरून त्याचे उत्पादनच रोखते. पहिल्या दोहोंनी एलडीएल सुमारे ६० टक्के, तर इन्क्लिसिरानने सुमारे ५० टक्के घटते. दुष्परिणाम म्हणावे तर टोचलेल्या जागी लाली, दुखणे, काहींना सर्दीपडशासारखा त्रास. स्मरणशक्ती क्षीण होईल, ही भीती स्वतंत्र अभ्यासात खरी ठरली नाही.

एवढे वाचून कोणी उद्याच औषधाच्या दुकानी जाऊ नये. इंजेक्शन ही पहिली पायरी नाही. पहिली पायरी म्हणजे स्टॅटिनची गोळी. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले. ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन पुरेशा मात्रेत घेतल्यास एलडीएल निम्म्याच्या आसपास येते आणि भारतात त्याचा महिन्याचा खर्च एखाद्या घरगुती समारंभातील मिठाईच्या एका खोक्याइतकाही नसतो. मात्र गोळीची मात्रा दुप्पट केली म्हणून लाभ दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीने जेमतेम सहा टक्के अधिक घट मिळते. याचे एक कारण असे की, स्टॅटिनमुळे वसुली कारकून वाढतात, पण त्याचबरोबर पीसीएसके-९ ही वाढते. म्हणून डॉक्टर पुढे इझेटिमाइब जोडतात; त्याने आणखी सुमारे वीस टक्के. बेम्पेडोइक ॲसिड ही गोळीही आता आपल्याकडे मिळते. या सर्वांनंतरही आकडा ठरलेल्या मर्यादेखाली येत नसेल, तेव्हा इंजेक्शनचा विचार.

‘स्टॅटिनने माझे पाय दुखतात, म्हणून मी ते सोडले’ हे वाक्य मी निदान दहा जणांकडून ऐकले आहे. काहींना स्नायूंचा त्रास खरोखर होतो आणि तो गंभीरही असू शकतो. त्याची उपेक्षा करू नये. परंतु लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी अशाच कारणाने गोळी सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी, नुसती बिनऔषधाची गोळी आणि काहीच नाही, असे महिने दिले. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदविला गेला, त्याच्या सुमारे नव्वद टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही नोंदविला गेला. स्वस्त गोळी परस्पर सोडून महागड्या इंजेक्शनकडे वळण्यापूर्वी गोळी बदलून, मात्रा कमी करून पाहिली काय, हे डॉक्टरांना विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आता मुख्य हिशेब. इव्होलोक्युमॅबचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २७,५६४ रुग्ण होते. सर्वांना हृदय, मेंदू वा पायांच्या धमन्यांचा विकार आधीच होता आणि सर्वजण स्टॅटिन घेत होते. इंजेक्शनने त्यांचे एलडीएल ९२ वरून ३० वर आले. सुमारे २.२ वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, शस्त्रक्रिया वगैरे घटना इंजेक्शन घेणाऱ्यांत ९.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत ११.३ टक्के घडल्या.

हाच निष्कर्ष दोन प्रकारे सांगता येतो. ‘धोका १५ टक्क्यांनी कमी’ हे खरे. ‘धोका दीड टक्क्याने कमी’ हेही तितकेच खरे. कर्जाचा फ्लॅट दर आणि घटत्या शिल्लकीवरील दर यांत जसा एकाच हप्त्याला दोन आकडे चिकटविता येतात, तसा हा प्रकार आहे. विकणारा नेहमी आपल्या सोयीचा आकडा उच्चारतो. दीड टक्का याचा अर्थ सुमारे ६७ जणांनी दोन वर्षांहून अधिक काळ इंजेक्शन घेतले, तर एकाची एक मोठी घटना टळते. त्या अवधीत मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नव्हता. पुढे त्यांच्यापैकी ६,६३५ जणांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांना औषध आरंभापासून मिळाले होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी आढळले. येथे ‘२३ टक्के’ हा पहिल्या प्रकारचा आकडा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

तेव्हा ज्याचा मूळ धोका मोठा, त्याला लाभ मोठा. ज्याला झटका येऊन गेला आहे, ज्याच्या घराण्यात हा विकार आहे, ज्याला मधुमेहही आहे, त्याच्या बाबतीत ही रक्कम योग्य जागी गुंतविली जाते. अहवालात एलडीएल १४० दिसते, पण बाकी सर्व ठीक आहे आणि परवडते म्हणून घ्यावे, असे म्हणणाऱ्यास मी तरी आधी चालायला जाण्यास सांगेन.

किमतीविषयी. अमेरिकेत या औषधाचा आरंभीचा भाव वर्षास सुमारे चौदा हजार डॉलर होता. विमा कंपन्यांनी मंजुरी देताना इतक्या अटी घातल्या की, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही रुग्णांना मिळेना. अखेर २०१८ मध्ये उत्पादकाने तो भाव ५,८५० डॉलरवर आणला. ग्राहक अडला आहे म्हणून वाटेल तो भाव लावला, तर माल गोदामात पडून राहतो, हे त्या कंपनीस आपल्या दाणा बाजारातील कोणीही फुकट सांगितले असते! आपल्याकडे शहरागणिक आणि सवलत योजनेगणिक भाव बदलतो. इव्होलोक्युमॅबचा महिन्याचा खर्च पाच आकड्यांत जातो एवढे धरून चालावे. आणि हा खर्च एकदाचा नाही. औषध थांबविले की एलडीएल पूर्वपदावर येते. आरोग्यविमा सर्वसाधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो. घरी टोचून घेतलेल्या इंजेक्शनचा नाही. पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचे कलम आहे काय, ते आधीच पाहावे.

सोलापूर जिल्ह्यातील एका आडत व्यापाऱ्याचे उदाहरण देतो. त्यांच्या अनुमतीने, पण नाव न घेता. वय ५४. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी पेढीवर बसल्या जागी गेले, काका एक्कावन्नाव्या. ‘साहेब, आमच्या घरात पुरुषाला पन्नाशी मानवत नाही,’ असे ते हसत सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, दोन स्टेंट बसले. उपचारापूर्वीचे एलडीएल २६८. रोसुव्हास्टॅटिनची सर्वोच्च मात्रा आणि इझेटिमाइब घेऊन ते १०४ वर आले. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली असावयास हवे. डॉक्टरांनी इव्होलोक्युमॅब सुचविले.

पैशांची अडचण नव्हती. शेठजींची अडचण निराळी होती. कोणीतरी त्यांना सांगितले की, हे औषध प्राण्याच्या पेशींत तयार होते. हे खरे आहे. इव्होलोक्युमॅब व ॲलिरोक्युमॅब चिनी हॅम्स्टर या उंदीरवर्गीय प्राण्याच्या बीजांडकोशातील पेशींत वाढविले जातात. मात्र ही पेशींची वंशावळ १९५७ साली प्रयोगशाळेत सुरू झालेली असून तेव्हापासून ती काचपात्रांत आपोआप विभागत वाढत आली आहे; प्रत्येक खेपेस नवा प्राणी लागत नाही. इन्क्लिसिरान रासायनिक पद्धतीने बनते, त्यास अशा पेशी लागत नाहीत. पण कोणतेही आधुनिक औषध माणसास देण्यापूर्वी त्याची प्राण्यांवर चाचणी झालेली असते, या वस्तुस्थितीतून दोहोंपैकी एकही सुटत नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेले असते. तेव्हा आपण कोणीही विचारलेले नसते. विचारण्याची ती वेळही नसते.

माझे मत विचाराल तर, प्रश्न विचारणे योग्यच आहे, पण तो पूर्ण विचारावा. अर्धी माहिती ऐकून औषध नाकारणे आणि काहीच न विचारता घेणे, या दोन्हींत विवेक नाही. शेठजींनी डॉक्टरांना विचारले, गावात चातुर्मासासाठी असलेल्या महाराज साहेबांपुढेही सर्व माहिती ठेवली. त्यांच्यात काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. आठवड्याने पहिले इंजेक्शन घेतल्याचा फोन आला.

उपवासांविषयी एक गोष्ट येथेच सांगणे बरे. चौविहार पाळणारे अनेकजण ‘रात्रीची गोळी’ म्हणून स्टॅटिन चुकवितात. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही वेळी घेता येतात, इझेटिमाइबही. सूर्यास्तापूर्वी, जेवणाबरोबर घेतल्याने काही बिघडत नाही. अठाई किंवा त्याहून दीर्घ तपश्चर्या करणाऱ्या हृदयरुग्णांनी मात्र पर्युषणाच्या आधीच डॉक्टरांना भेटावे, कारण त्यांचा प्रश्न केवळ कोलेस्टेरॉलच्या गोळीचा नसतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांत खंड पडणे स्टेंट बसविलेल्यास अधिक घातक ठरू शकते.

इंजेक्शन घरी ठेवण्याची रीतही ध्यानात असावी. इव्होलोक्युमॅब फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले वापरू नये. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे, गरम पाण्यात बुडवू नये, हलवू नये. उन्हाळ्यात जेथे तासन्‌तास वीज जाते, त्या गावांनी दुकानातून नेताना बर्फाची पिशवी मागून घ्यावी आणि बिलाचा आग्रह धरावा.

शेठजींच्या घरातील खरी कसोटी याच्याही पुढे होती. डॉक्टरांनी दोन्ही मुलांची आणि धाकट्या भावाची रक्ततपासणी करण्यास सांगितले. मुलाचे सर्व ठीक निघाले. लेक २३ वर्षांची, सी.ए. ची अंतिम परीक्षा देणारी. तिची तपासणी शेठजी टाळू लागले. ‘साहेब, दोन स्थळे चालू आहेत. कागदावर एकदा आले की ते गावभर होते. लग्नानंतर पाहू.’ त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, भीती होती. आपल्या समाजात ‘घराण्यातला आजार’ हे दोन शब्द स्थळाचे बोलणे कसे थांबवितात, हे मी जाणतो आणि वाचकही जाणतात. पण आजार कागदावर आल्याने निर्माण होत नाही. उलट बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कळले, तर साध्या गोळीवर भागते. वडिलांसारखी इंजेक्शनपर्यंत वेळ बहुधा येत नाही. मुलीच्या बाबतीत आणखी एक कारण होते. गर्भधारणेच्या आधी या औषधांविषयी डॉक्टरांशी बोलून ती बहुधा थांबवावी लागतात. हे लग्नानंतर, घाईत, सासरच्या माणसांसमोर प्रथमच उघड व्हावे, यापेक्षा आधी ठाऊक असणे बरे नाही काय?

मी एवढे बोललो, तोवर भाभींनी चहाचे कप उचलले आणि म्हणाल्या, ‘उद्या सकाळी मी तिला घेऊन जाते.’ शेठजी काही बोलले नाहीत.

लेकीचे एलडीएल २११ निघाले. तिला गोळी सुरू झाली आहे. दोन स्थळांपैकी एकाने पुढे काही कळविले नाही. कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. दुसऱ्या स्थळाला भाभींनी स्वतः फोन करून सर्व सांगितले. मुलाच्या आईने अहवाल मागवून घेतला, आपल्या डॉक्टरांना दाखविला आणि बोलणी चालू ठेवली आहेत. शेठजींचे दुसऱ्या महिन्यातील एलडीएल ४३ आले. तो कागद त्यांनी खतावणीच्या कपाटात ठेवला आहे. धाकटे बंधू ४९ वर्षांचे आहेत. त्यांनी अजून रक्त दिलेले नाही. ‘दिवाळीचा माल लागू द्या, मग पाहू,’ म्हणतात.